गुंजी, काळी काच आणि सहा दाणे

जवळ या. अजून जवळ. पाय पोटाशी घ्या. हं, आता ऐका.

एक होतं शेत. शेताला होता बांध. बांधात होतं बीळ. बिळात राहायची गुंजी.

गुंजी म्हणजे उंदराची पोर. एवढीशी. माझ्या अंगठ्याएवढी. शेपटी मात्र ही लांब!

एकदा काय झालं, गुंजीची आई दाणे आणायला निघाली. नदीपलीकडे निघाली. जाताना तिने गुंजीला फोन दिला. उंदरांकडे फोन कुठून आला, असं विचारू नका. होता. भोपळ्याच्या बीएवढा होता. कुणी हाक मारली की वाजायचा, टिर्रर्र! आणि हाक मारणाऱ्याचं तोंड काचेत दिसायचं.

आई म्हणाली, "गुंजे, नीट ऐक. दिवस बुडायच्या आत मी नदीवर येईन. तुला हाक मारीन. तू ओ दे. म्हणजे मला कळेल, तू सुखरूप आहेस. ओ आली नाही, तर मला वाटेल तू हरवलीस. मी तुला शोधायला रानात जाईन."

"रानात नको गं आई! रानात बोका आहे."

"म्हणून तर ओ द्यायची. पण आधी काचेत बघायचं. माझं तोंड दिसलं, तर ओ द्यायची. तोंड दिसलं नाही, तर ओ नाही."

"का गं?"

आई हळू आवाजात म्हणाली, "माळावर हाकामारी असते. तिला तोंड नाही. तिला तिचा आवाज नाही. ती आयांचे आवाज उचलते. आईच्या आवाजात हाक मारते. जो ओ देतो, तो तिच्यामागे चालायला लागतो. चालतो, चालतो, चालतच राहतो."

गुंजीने शेपटी पोटाशी घेतली.

आई गेली. गुंजी एकटी राहिली. मग फोन डोक्यावर ठेवला आणि नाचली. शहाणी होती हो, पण पोरच ती! नाचली, नाचली आणि धप्प! फोन दगडावर पडला. खळ्ळ!

काचेला एक चीर गेली. एकच. केसासारखी. आणि सगळी काच काळी झाली. काळी कुळकुळीत.

तेवढ्यात फोन वाजला. टिर्रर्र!

गुंजीने काचेत पाहिलं. काचेत कुणी नाही. नुसता काळोख. काळोखातून आवाज आला,

"गुंजेऽऽ... ओ दे गंऽऽ..."

आवाज आईचा होता. पण आई होती का ती? गुंजीच्या ओठावर ओ आलीच होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ओ दिली नाही. फोन गप्प झाला.

आता आली का पंचाईत! ओ द्यावी, तर हाकामारी नेईल. ओ देऊ नये, तर आई रानात जाईल. मग करायचं काय? काच बदलायची. दिवस बुडायच्या आत बदलायची.

घरात दाणे होते सहा. सगळे मिळून सहा. गुंजीने सहाही दाणे पिशवीत टाकले. म्हणाली, "काच ती केवढी! एका दाण्यात काम होईल. पाच दाणे परत आणीन."

मोठी माणसंसुद्धा असंच म्हणतात. दुकानात पोचेपर्यंत.

गुंजी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. सूर्य डोक्यावर होता. वाटेवर माणूस नव्हतं. झाडावर पाखरू बोलत नव्हतं. नुसता वारा होता. घूंऽऽ, घूंऽऽ.

पडक्या भिंतीला होती भेग. भेगेत होतं कोळीमामाचं दुकान. कोळीमामाचे आठ हात. आठ हातांत आठ हत्यारं. डोळेही आठ. आठही डोळे एकदम गुंजीकडे वळले.

गुंजी म्हणाली,

"कोळीमामा, कोळीमामा, काच बदला ना!
आई दिसेना,
ओ काही देता येईना."

कोळीमामाने फोन उलटा केला. सुलटा केला. टकटक केलं. म्हणाला, "पोरी, जोडायचं काम माझं. पण काच माझ्याकडे नाही. काच येईल, तेव्हा मी जोडीन. आणि माझा दाणा वेगळा!"

गुंजीने दाणा दिला. एक गेला, पाच राहिले.

"काच कुठे असते, मामा?"

"नदीच्या वाळूत. जपून जा. ती दिसत नाही."

गुंजी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. वाळू पांढरी. वाळू तापलेली. वाळूत कुणी दिसेना. आणि टण्ण! गुंजीचं नाक कशावर तरी आपटलं.

"कोण गं आपटलं?" आवाज किणकिणला.

ती होती काचताई. उंच उभी होती. तिच्या पोटातून पलीकडची वाळू दिसत होती. तिच्या डोक्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

गुंजी म्हणाली,

"काचताई, काचताई, चल ना माझ्यासंगे!
कोळी जोडेना,
आई दिसेना,
ओ काही देता येईना."

काचताई म्हणाली, "एकटी येऊन काय करू? माझ्यातून नुसतं आरपार दिसतं. माझ्या पाठीशी ठिपके बसतात. ते पेटले की चित्र दिसतं. आम्ही घट्ट चिकटलेलो असतो. एकटं कुणी जात नाही. ठिपके पेटतील, तेव्हा मी येईन. आणि माझा दाणा वेगळा!"

"पण मला नुसती काचच हवी होती," गुंजी म्हणाली.

"सगळ्यांना नुसती काचच हवी असते," काचताई म्हणाली.

गुंजीने दाणा दिला. दोन गेले, चार राहिले.

गुंजी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. नदीकाठी होता उंबर. उंबराला होती ढोली. गुंजीने ढोलीत डोकं घातलं. आत काळोख. काळोखात एक डोळा उघडला. लाल. मग एक उघडला, हिरवा. मग एक उघडला, निळा. मग शंभर. मग हजार. मग किती ते मलाही मोजता येत नाही. पापण्या नाहीत. नाक नाही. नुसते डोळे. लुक, लुक, लुक.

"कोऽण?" सगळे एकदम म्हणाले.

गुंजी एक पाऊल मागे सरली. पण ती म्हणाली,

"ठिपकेदादांनो, ठिपकेदादांनो, पेटा ना!
काच येईना,
कोळी जोडेना,
आई दिसेना,
ओ काही देता येईना."

ठिपके म्हणाले, "आम्ही पेटू. हसणारं तोंड दाखवू. रडणारं तोंड दाखवू. पण बोट लागलेलं आम्हाला कळत नाही. ते कळतं सायमावशीला. साय पसरेल, तेव्हा आम्ही पेटू. आणि आमचा दाणा वेगळा!"

गुंजीने घाबरत विचारलं, "एकेकाला एकेक?"

"सगळ्यांना मिळून एक."

सुटले बाई, असं गुंजी मनात म्हणाली. तिने दाणा दिला. तीन गेले, तीन राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. टिर्रर्र! काच काळीच.

"गुंजेऽऽ... ओ दे गंऽऽ..."

ढोलीत आवाज घुमला. एक ठिपका विझला. दुसरा विझला. मग सगळेच विझले. एकही डोळा उरला नाही. गुंजी एकटी काळोखात उरली. तिने तोंड दाबलं. ओ दिली नाही.

गुंजी बाहेर पळाली. लुटुलुटु, लुटुलुटु. सूर्य थोडा कलला होता. गुंजीची सावली थोडी वाढली होती.

वाटेत होती दगडी डोणी. पूर्वी गुरं तिथे पाणी प्यायची. आता गुरं येत नव्हती. पाणी हलत नव्हतं. पाण्यावर साय पसरलेली. दुधावर असते ना, तशी. पातळ, पातळ, इतकी पातळ की आहे की नाही कळेना.

सायमावशीला डोळे नाहीत. कान नाहीत. हाक मारून उपयोग नाही. गुंजीने नखाचं टोक हळूच टेकवलं. साय शहारली. डोणीच्या या काठापासून त्या काठापर्यंत शहारली.

"उंदराची पोर," सायमावशी म्हणाली. "उजवा हात. गार पडलाय. घाबरली आहेस. बोल. तुझं बोलणं मला नखातून कळेल."

गुंजी म्हणाली,

"सायमावशी, सायमावशी, पसर ना काचेवर!
ठिपके पेटेनात,
काच येईना,
कोळी जोडेना,
आई दिसेना,
ओ काही देता येईना."

सायमावशी म्हणाली, "मी पसरेन. पण मी आहे नाजूक. कुणी धरलं नाही, तर सुरकुतेन. डिंकआजोबा मला धरतात. डिंक धरेल, तेव्हा मी पसरेन. आणि माझा दाणा वेगळा!"

गुंजीने दाणा दिला. चार गेले, दोन राहिले.

गुंजी निघणार, तेवढ्यात साय पुन्हा शहारली.

"थांब," सायमावशी म्हणाली. "तुझ्यासोबत कोण आलंय?"

"कुणी नाही, मावशी."

"कुणीतरी आहे. तुझ्यामागून हात लावतंय. त्या हाताला बोटं नाहीत."

गुंजीने मागे पाहिलं. मागे नुसती वाट होती.

मग काय चालते गुंजी! पळालीच. लुटुलुटु, लुटुलुटु, लुटुलुटु!

वाटेवर होती बाभूळ. बाभळीवर होते डिंकआजोबा. मोठ्ठा थेंब. मधासारखा पिवळा. थेंबाच्या पोटात एक माशी होती. पूर्वी कधीतरी अडकलेली. एक पाय उचललेला. तो पाय अजून खाली टेकला नव्हता.

"हंऽऽऽ," डिंकआजोबा म्हणाले. "कोऽऽण?" त्यांचं बोलणं फार हळू. एक शब्द यायचा, मग पुष्कळ वेळ काहीच यायचं नाही.

गुंजी म्हणाली,

"डिंकआजोबा, डिंकआजोबा, धरा ना सायीला!
साय पसरेना,
ठिपके पेटेनात,
काच येईना,
कोळी जोडेना,
आई दिसेना,
ओ काही देता येईना."

डिंकआजोबा म्हणाले, "हंऽऽऽ. मी धरतो. पण एकदा धरलं की सोडत नाही. माशीला विचार. धुळीचा एक कण मध्ये आला, तर तोही कायमचा अडकेल. मग सगळं वाया. काच वाया, ठिपके वाया, साय वाया. पुन्हा पहिल्यापासून. धूळ बसेल, तेव्हा मी धरीन. आणि माझा दाणा वेगळा!"

गुंजीने दाणा दिला. पाच गेले, एक राहिला.

सूर्य आणखी कलला. गुंजीची सावली लांब झाली. गुंजी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

समोर होती गाडीवाट. गाडीवाटेवर धूळकाकू गरगर फिरत होती. आधी तिची झाली म्हातारी. मग झालं वाकडं झाड. मग झाली उंदरीण. तिला मिशा होत्या. तिला शेपटी होती. अगदी आईसारखी!

"आई!" म्हणून गुंजी धावली. हात पुढे केले. हातात आली मूठभर धूळ. आई नव्हतीच तिथे.

गुंजीला रडू फुटलं. रडत रडत ती म्हणाली,

"धूळकाकू, धूळकाकू, बस ना खाली!
डिंक धरेना,
साय पसरेना,
ठिपके पेटेनात,
काच येईना,
कोळी जोडेना,
आई दिसेना,
ओ काही देता येईना."

धूळकाकू फणकारली, "मला काय उडायची हौस आहे? हाडं दुखतात माझी. वारा उठवतो म्हणून उठते. वारा थांबेल, तेव्हा मी बसेन. आणि माझा दाणा वेगळा!"

गुंजीने शेवटचा दाणा दिला. सहा होते, सहाही गेले. पिशवी रिकामी झाली.

आणि फोन वाजला. टिर्रर्र!

"गुंजेऽऽ... ओ दे गंऽऽ..."

आवाज फोनमधून आला. आणि तोच आवाज झुडपामागून आला. दोन्हीकडून, एकदम. गुंजीने तोंड दाबलं. ओ दिली नाही.

वारा राहतो कुठे? माळावर. आणि माळावर अजून कोण राहतं? तुम्हाला माहीत आहे. गुंजीलाही माहीत होतं. तरी गुंजी गेली. कारण आई नदीवर येणार होती, आणि सूर्य खाली चालला होता.

लुटु... लुटु... लुटु... लुटु.

माळावर झाड नव्हतं. घर नव्हतं. वाळकं गवत होतं आणि वारेकाका होते. घूंऽऽ, घूंऽऽ.

गुंजी म्हणाली,

"वारेकाका, वारेकाका, थांबा ना जरा!
धूळ बसेना,
डिंक धरेना,
साय पसरेना,
ठिपके पेटेनात,
काच येईना,
कोळी जोडेना,
आई दिसेना,
ओ काही देता येईना.
आणि काका, माझ्याकडे दाणाही नाही."

वारेकाका म्हणाले, "दाणा घेऊन काय करू? माझ्या मुठीत काही राहत नाही. आणि मी थांबू कसा? दुपारपासून तू पळतेस. तू पळालीस की गवत हलतं. गवत हललं की मला उठावं लागतं. आधी तू थांब. शेपटी हलायची नाही. मिशी हलायची नाही. मी दहा मोजीन. तू थांबलीस, तर मी थांबेन."

एवढंच? थांबायचं एवढंच? हो, एवढंच. पण कुठे थांबायचं, तर माळावर.

गुंजी थांबली. वारेकाका मोजू लागले.

एक. शेपटी थांबली.

दोन. मिशा थांबल्या.

तीन. "गुंजेऽऽ..." हाक आली. फोनमधून नाही. मागून.

चार. "ओ दे गंऽऽ..." हाक जवळ आली.

पाच. शेपटीच्या टोकाला काहीतरी गार लागलं.

सहा. "दमलीस ना गं? ओ दे. घरी नेते तुला."

सात. गार गार ते शेपटीवरून पाठीवर आलं. गुंजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण डोळे पुसायला हात हलवता येईना.

आठ. "गुंजे." अगदी कानात.

नऊ. गुंजीला वाटलं, ही आईच असली तर? आई असली आणि मी गप्प बसले तर? ओ ओठापर्यंत आली. पण तोंड दिसलं नव्हतं. गुंजीने ओ गिळली.

दहा.

वारा थांबला.

वारा थांबला, तशी धूळ बसली.
धूळ बसली, तसं डिंकाने धरलं.
डिंकाने धरलं, तशी साय पसरली.
साय पसरली, तसे ठिपके पेटले.
ठिपके पेटले, तशी काच आली.
काच आली, तशी गुंजी हलक्या पावलांनी दुकानात परत आली. गुंजी आली, तसं कोळ्याने जोडलं. एका हाताने उचललं, दुसऱ्याने पुसलं, तिसऱ्याने टेकवलं, चौथ्याने दाबलं. उरलेल्या चार हातांनी फोन घट्ट धरून ठेवला. श्वासही घेतला नाही बिचाऱ्याने.
कोळ्याने जोडलं आणि काच उजळली.
काच उजळली आणि फोन वाजला. टिर्रर्र!

आणि आई...

आई दिसली नाही.

काचेत दिसला माळ. माळावर वाळकं गवत. वारा तर थांबला होता. तरी गवत हलत होतं. गवत बाजूला होत होतं. कुणी चालत आलं की होतं ना, तसं. पण चालणारं कुणी नव्हतं.

"गुंजेऽऽ... ओ दे गंऽऽ..."

कोळीमामाने आठही डोळे मिटले. गुंजीने मिटले नाहीत. तिने नीट पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. तोंड कुठेच नव्हतं. काचेवर एक लाल खूण होती. गुंजीने तिच्यावर बोट टेकवलं. सायीला बोट कळलं. हाक तुटली. माळ गेला. गवत गेलं.

एवढ्याशा काचेला सहा दाणे, असं कुणी म्हणालं, तर म्हणू दे. फोडायला एक दगड पुरला. जोडायला किती जण लागले? आणि नुसती काच बसवली असती, चित्र दिसलंच नसतं, तर आज गुंजी कुठे असती? चालत असती. माळावर, हाकामारीमागे, चालत असती.

पण आई कुठे होती?

सूर्य नदीला टेकला. फोन वाजला नाही. सूर्य अर्धा बुडाला. फोन वाजला नाही. गुंजी काचेकडे बघत बसली. कोळीमामाही बघत बसला. सूर्याची एक चिमुकली कड उरली.

टिर्रर्र!

काचेत तोंड दिसलं. मिशांना भुसा लागलेला. डोळे रडून लाल. मागे नदी. समोर रान. आणि एक पाय, एकच पाय, रानात टाकलेला.

"गुंजे?" आई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. काच जोडून होईपर्यंत हाका मारून मारून बसला होता. "गुंजे, आहेस का गं?"

आवाज तर अजिबात आईसारखा नव्हता. घोगरा होता. पण तोंड आईचं होतं.

गुंजीने तोंडावरचे दोन्ही हात काढले. पोटात होता नव्हता तेवढा सगळा श्वास घेतला. आणि दिली.

"ओऽऽऽऽऽऽऽऽ!"

आईने रानातला पाय मागे घेतला. वळली आणि अशी पळत सुटली, अशी पळत सुटली, की दाण्यांचं गाठोडं वाटेत सुटलं तरी थांबली नाही.

गुंजी घरी पोचली, तोच आई बिळाच्या दारात आली. गुंजीने आधी तिचं तोंड चाचपलं. मिशा होत्या. कान होते. नाक ओलं होतं, गरम होतं. मग गुंजी तिच्या पोटात शिरली.

"आई, घरातले सहा दाणे काचेला गेले."

"सगळे?"

"सगळे."

आईने गुंजीच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ अजून गार होती. पाठ उबदार होईपर्यंत आई हात फिरवत राहिली. म्हणाली, "दाणे काय, उद्या वेचू."

वारा गेला माळावर,
धूळ निजली वाटेवर,
आई आली दारावर,
आमची गोष्ट इथवर.